काढणी-मळणीला हात घालण्याआधी अंगठी उतरवा

ट्रॉलीतून खाली उडी मारताना माणूस एक हात फाळक्यावर टेकवतो. पाय जमिनीकडे निघालेले असतात आणि हात अगदी शेवटच्या क्षणी सुटतो. फाळक्याची कडी, हूक किंवा पत्र्याची वर आलेली कड त्या वेळी अंगठीत अडकली, तर हात सुटतच नाही. साठ-सत्तर किलोचं अंग त्या एका बोटाला लोंबकळतं, तेही हिसक्यानं.

काढणीच्या दिवसांत अशा उड्या दिवसाला किती होतात, ते मोजून पाहा. म्हणूनच या हंगामात अंगठीचा विषय मी यंत्रापासून सुरू करत नाही. यंत्राजवळ माणूस थोडा तरी सावध असतो. ट्रॉली, शिडी, झाड, गोठ्याचं कुंपण इथे कोणी सावध नसतं.

अशा हिसक्यात बोट तुटायलाच हवं असं नाही. पुष्कळदा हाड जागेवर राहतं आणि कातडी, रक्तवाहिन्या, नसा हातमोजा उपसावा तशा ओरबाडून निघतात. डॉक्टर याला 'रिंग अव्हल्शन' म्हणतात. विळ्यानं बोट कापलं तर जखमेच्या कडा सरळ असतात, वाहिन्या जोडायला सापडतात. अंगठीनं ओढलेल्या वाहिन्या आतल्या आत ताणून फाटलेल्या असतात. जोडायच्या तर मधला खराब तुकडा काढून शरीरात दुसरीकडची शीर आणून लावावी लागते. शिवाय बोट हलवणारे स्नायू बोटात नसतातच. ते असतात कोपराखालच्या हातात, आणि तिथून दोरीसारखे कंडरे बोटापर्यंत आलेले असतात. हिसका जोराचा असेल तर कंडराही सोबत खेचला जातो. २०१५ मध्ये जिमी फॅलन हा अमेरिकी टीव्ही निवेदक स्वतःच्या घरात अडखळून पडला आणि त्याची अंगठी ओट्याच्या कडेला अडकली. बोट वाचवण्यासाठी सहा तास शस्त्रक्रिया चालली, पायातली शीर काढून बोटात बसवावी लागली. यंत्र नाही, उंची नाही, नुसतं पडणं होतं ते.

आता यंत्रांकडे. ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे जोडलेल्या यंत्राला ताकद देणारा मागचा फिरता दांडा (शाफ्ट), मिनिटाला ५४० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ. काही अडकलंय हे मेंदूला कळेपर्यंत दोन-तीन फेरे होऊन गेलेले असतात. खरं सांगायचं तर शाफ्टमध्ये बहुतेक वेळा सैल बाही, उपरणं किंवा ओढणी आधी जाते, अंगठी नंतर. अंगठीचा धोका जास्त आहे तो साखळी, पुली आणि बेल्टजवळ, आणि मळणी यंत्राच्या तोंडाशी तुंबलेला चारा हातानं मोकळा करताना. हे काम यंत्र पूर्ण थांबवूनच करायचं, अंगठी असो वा नसो. अंगठीवर हातमोजा चढवला की झालं, असंही नाही. फिरत्या भागाजवळ मोजाच ओढला जातो आणि आतली अंगठी तशीच राहते.

बॅटरीबद्दल थोडं सविस्तर, कारण 'बारा व्होल्टचा कसला शॉक' असं म्हणून लोक निर्धास्त असतात. शॉक बसत नाही हे खरं. पण पाना धन टोकावर आहे, अंगठी पान्याला टेकली आहे आणि त्याच अंगठीची दुसरी बाजू ट्रॅक्टरच्या लोखंडाला लागली, की त्या वेढ्यातून शेकडो अँपिअर विजेचा प्रवाह जातो. सोनं-चांदी वीज फार छान वाहून नेतात. अंगठी पाहता पाहता तापते आणि बोटाभोवती गोल भाजल्याचा चट्टा उठतो. हात झटकून ती निघत नाही, कारण ती बोटातच आहे. बॅटरी सोडवताना ऋण टोक आधी काढा आणि जोडताना ते सगळ्यात शेवटी लावा. ऋण टोक सुटलेलं असेल तर पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही. पंपाच्या स्टार्टरची पेटी उघडताना मेन स्विच बंद करणं आलंच.

जनावराचं दावं किंवा कासरा हाताला गुंडाळू नये, हे सगळ्यांना माहीत असतं. पण दोर गुंडाळला नाही तरी सरकताना अंगठीच्या खड्याला अडकतो आणि जनावर उधळलं की बोट गेलं. विताना मदत करायला हात आत घालायचा असेल, तर अंगठी काढल्याशिवाय घालूच नका. जनावराला इजा होते, आणि वेढ्याखालची घाण आत जाते. दूध काढणाऱ्या हातालाही हेच लागू.

फवारणी आणि बीजप्रक्रियेत औषध अंगठीखाली झिरपतं आणि हात धुतले तरी तिथेच राहतं. खडा टोकदार असेल तर रबरी मोजा आतून फाडतो, आणि ते फाटलेलं दिसतही नाही.

काढायची कधी, हाही प्रश्न आहे. पहाटेच्या गारठ्यात बोटं आकसतात, अंगठी सैल होते आणि भुसात किंवा पेंढीत गळून जाते. दुपारी उन्हानं आणि कामानं बोट फुगतं, तीच अंगठी हलत नाही. म्हणून घरातून निघतानाच काढा. शेतात गेल्यावर काढून खिशात ठेवायची सवय सोडा. माझी एक अंगठी रुमालाबरोबर खिशातून निघून भुसाच्या ढिगात गेली होती. अर्धा दिवस भुसा चाळला, सापडली नाही. लोकांना बोटापेक्षा अंगठी हरवण्याची भीती जास्त असते असं मला वाटतं, आणि ती भीती दूर करायला एक ठरलेली जागा पुरते. घरातल्या एका खिळ्याला अडकवलेली छोटी पिशवी चालते, झाकणाची डबी चालते. ज्यांना बोट मोकळं ठेवणं नकोच वाटतं, त्यांनी सिलिकॉनची अंगठी वापरावी. ती ताण आल्यावर तुटते आणि वीजही वाहून नेत नाही. फवारणीला मात्र तीही काढावी.

वर्षानुवर्षं न काढलेली अंगठी सांध्यावर अडते. हात थोडा वेळ डोक्याच्या वर धरा, थंड पाण्यात बुडवा, मग साबण किंवा तेल लावून गोल फिरवत काढा. नुसती ओढली तर सांधा आणखी सुजतो. तरीही येत नसेल तर दोऱ्याची युक्ती आहे. बारीक पण मजबूत दोऱ्याचं एक टोक अंगठीखालून तळहाताकडे सरकवा. उरलेला दोरा अंगठीच्या कडेपासून सांध्याच्या पुढपर्यंत बोटावर घट्ट, वेढ्याला वेढा लावून गुंडाळा. मग तळहाताकडचं टोक बोटाच्या शेंड्याच्या दिशेनं ओढत दोरा उलगडत जा. अंगठी दोऱ्यावरून घसरत सांधा ओलांडते. बोटाला जखम किंवा मोडतोड असेल तर हा प्रयोग नको. बोट निळं-काळं पडलं, बधिर झालं तर घरगुती उपाय थांबवून दवाखान्यात जा. सोन्या-चांदीची अंगठी कटरनं सहज कापली जाते. टंगस्टन कार्बाइडची कापली जात नाही, ती पकडीनं दाबून फोडावी लागते. तुमची अंगठी कशाची आहे, हे डॉक्टरांना आधीच सांगा.

मधमाशी किंवा गांधील हाताला चावली, काटा खोल गेला, साप चावला, तर पहिल्या मिनिटातच त्या हातातल्या अंगठ्या आणि बांगड्या उतरवा. सूज चढल्यावर त्याच वस्तू बोटाचा रक्तपुरवठा आवळतात. साप चावलेल्या हाताला दोरी मात्र बांधू नका. हात हलवायचा नाही आणि थेट दवाखाना गाठायचा.

आणि बोट तुटलंच, तर जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरा आणि हात वर ठेवा. तुटलेला भाग स्वच्छ, ओलसर कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बर्फ थेट मांसाला लागू देऊ नका. तुटलेला भाग थेट पाण्यात बुडवूही नका. कातडी नुसती सोलली गेली असेल तर ती ओढून तोडू नका, आहे तशी बोटावर सरकवून वर ओलं कापड गुंडाळा. त्याच हातात दुसऱ्या बोटांत अंगठ्या असतील, तर वाटेतच काढून घ्या. सूज एका बोटापुरती थांबत नाही.