मुलांकडे पुण्याला आलात? गोळ्यांसोबत हेही बघा

लातूर, नांदेड, परभणीकडून निवृत्तीनंतर मुलांकडे पुण्याला येणाऱ्यांसाठी हे लिहितोय. मी लातूरचा, आता वाकडला मुरलोय.

लिफ्ट कळते, दूधवाला ठरतो, आणि दोन-तीन महिन्यांनी बीपी वाढतं, झोप उडते, गुडघे जास्तच बोलायला लागतात. डॉक्टर गोळी वाढवतात. त्यांचं तरी काय चुकतं? बाहेर पेशंटची रांग असताना ‘काका, दिवसभर बोलता कुणाशी?’ हे विचारणार कधी?

इंग्लंडात हे विचारायला माणूसच नेमतात. तिथली सरकारी आरोग्यसेवा, म्हणजे एनएचएस, याला सोशल प्रिस्क्रायबिंग म्हणते. २०१९च्या त्यांच्या आराखड्यात ते ठळकपणे आलं. दुखण्यामागं एकटेपण, कर्ज किंवा घरातली ओढाताण दिसली, की डॉक्टर पेशंटला ‘लिंक वर्कर’कडे पाठवतो. तो निवांत ऐकून घेतो आणि त्या माणसाला झेपेल असं काही जुळवून देतो: चालणाऱ्यांचा गट, बागकाम, गाण्याचा वर्ग, नाहीतर कर्जाबद्दलचा सल्ला. यानं तब्येत नेमकी किती सुधारते यावर संशोधकांचं एकमत नाही. पण औषध बंद करा असंही कुणी म्हणत नाही, मग करून बघायला काय हरकत?

पुण्यात अशी चिठ्ठी सहसा मिळत नाही. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, योजनांच्या नि पैशांच्या अडचणीत त्यांना जरूर भेटा. बाकी शोधाशोध मुलगा-सुनेनं, लेकीनं करायची.

सुरुवात जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघापासून करा. सकाळी बागेतून हसण्याचा गलका आला तर तो हास्यक्लब. ते ठरवून हसणं मला अजून फारसं जमत नाही, पण नंतरचा चहा चुकवू नका. खऱ्या गप्पा तिथंच होतात. गुडघे साथ देत असतील तर तळजाई आहे, वेताळ टेकडी आहे. पर्वतीच्या पायऱ्यांची घाई नको. वाचणाऱ्यांसाठी १८४८पासूनचं पुणे नगर वाचन मंदिर. पार्किन्सन्स असेल तर पार्किन्सन्स मित्रमंडळ गाठा, आणि घरात दारूचा त्रास असेल तर येरवड्याचं मुक्तांगण. १९८६पासून ते हेच काम करतंय.

बायकांचं जास्त अवघड आहे. पुरुष निदान कट्ट्यावर जाऊन बसतो. बाई स्वयंपाकात, नातवंडांत अडकते आणि सगळ्यांना वाटतं, आई रमली बरं का! तिला ‘जा की खाली’ म्हणून ती जायची नाही. पहिले काही दिवस सुनेनं किंवा लेकीनं सोबत जावं. देवळातलं भजनी मंडळ, संध्याकाळचा हरिपाठ हे सगळ्यात सोपं; अभंग पाठ असले की ओळख करून द्यावी लागत नाही. आणि तेवढा तास नातवंडं दुसऱ्या कुणीतरी सांभाळायची, हे घरात आधीच बोलून घ्या. नाहीतर चार दिवसांत सगळं बंद पडतं.

गावाकडं जाणं तोडू नका. पंच्याहत्तरीपुढं राज्यात एसटी मोफत आहे, पासष्टनंतर अर्धं तिकीट.

डॉक्टरांकडे गेलात की पुण्यात कधी आलात, दिवस कसा जातो, हे न विचारताही सांगा. आणि जगणंच नको वाटायला लागलं, तर कट्ट्यावर नि भजनावर भागवू नका. टेलिमानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, तिचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं.