टांझानाइटची अंगठी घेताय? मग या चुका टाळा

निळा दिसला की नीलम, हे आधी डोक्यातून काढा. टांझानाइट वेगळा खडा आहे, टांझानियात किलिमांजारोजवळ मेरेलानीच्या डोंगरात एका छोट्या पट्ट्यातच मिळतो, १९६७ ला सापडला. खड्यांचा कडकपणा १ ते १० मध्ये मोजतात (मोज स्केल), नीलमचा ९, याचा साडेसहाच्या आसपास. शनीसाठी म्हणून कोणी हाच गळ्यात मारत असेल तर सरळ उठून या.

आता माझं डोकं फिरवणारी चूक. अंगठी लूज झाली की लोक खडा न काढताच साईज कमी करायला देतात, वर "अर्ध्या तासात पाहिजे" म्हणतात. मागं लग्नसराईत एक ताई माझ्याकडे आल्या, त्यांनी दुसरीकडे असंच घाईत काम करून घेतलं होतं, तिथल्या कारागिराने खड्यासकट टाका मारला, म्हणजे गॅसच्या ज्वालेने जोड दिला, आणि गरम अंगठी तशीच पाण्यात बुडवली, खड्याला आरपार चीर. वरून त्यांनाच ऐकवलं की खडाच हलका होता. आता लॅबचा रिपोर्ट होता, खडा ओरिजिनल होता, हलका कसला? कारागिराचं म्हणणं काय तर हा खडा भट्टीत तापवूनच निळा करतात, मग गॅसला काय होतंय? अरे बाबा, ती भट्टी हळूहळू तापवतात आणि हळूहळूच गार करतात, सुट्टा खडा असतो तेव्हा. इथं एका बाजूला ज्वाला आणि लगेच गार पाणी! या खड्यात मुळातच एका दिशेने सरळ फुटायची सवय असते. ताई म्हणाल्या चिकटवता येईल का. नाही येत. मी खडा काढून, काम करून, परत बसवतो, दोन दिवस लागतात, घाई असेल त्यांनी खुशाल दुसरीकडे जावं.

अल्ट्रासॉनिक मशीन (पाण्यात कंपनं सोडून दागिना धुणारं) आणि वाफेने सफाई, दोन्हीला नाही म्हणायचं. फुकट करून देतो म्हटलं तरी.

दुसरी गोष्ट धूळ. सोलापूरची धूळ काय सांगायची, सकाळी पुसलेली गाडी दुपारी पांढरी. त्या धुळीतल्या वाळूच्या कणांचा कडकपणा ७, म्हणजे खड्यापेक्षा जास्त, आणि आपण काय करतो तर पदराला घासून अंगठी चमकवतो, मग वर्षभरात धारा बोथट होतात आणि खडा मेलेला दिसतो. आधी कोमट पाण्यात थोडा लिक्विड सोप टाकून बुडवा, लहान मुलांच्या मऊ ब्रशने मागून साफ करा, मग पुसा. हे वाटीत करा, बेसिनवर नको, खडा धरून ठेवणारी नखी ढिली असेल तर खडा गेलाच. टूथपेस्ट, खायचा सोडा लावणाऱ्यांशी मी वाद घालत नाही आता.

भाकरी थापताना अंगठी काढा. खरं तर रोज वापरायचं असेल तर अंगठीपेक्षा पेंडंट किंवा कानातले घ्या, पण ऐकतंय कोण.

घेताना शोरूमच्या पिवळ्या लाईटखाली रंग ठरवू नका, तिथं तो जांभळटच दिसणार, दारात उजेडात नेऊन बघा. हीट केलेला आहे ऐकून घाबरू नका, बाजारातले बहुतेक तसेच असतात. काच मात्र टांझानाइट म्हणून खपवतात, म्हणून लॅबचा रिपोर्ट मागा.

आणि हिऱ्याच्या बांगड्यांबरोबर एका डबीत ठेवू नका, वेगळी मऊ पिशवी करा.