सोलरचे अनुदान मागण्याआधी घरात काय काय तयार हवे

घराच्या छतावर सौर पॅनल बसवण्यासाठी केंद्र सरकारची 'पीएम सूर्यघर' योजना आहे; तिचे अनुदान सगळ्यात शेवटी येते. पॅनल बसले, नेट मीटर (घेतलेली आणि ग्रिडला दिलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर) लागला, तपासणी झाली की मगच रक्कम खात्यात जमा होते. तोवर पूर्ण खर्चाची सोय आपल्यालाच करून ठेवायची असते. हातात रोकड नसेल तर 3 किलोवॉटपर्यंतच्या संचाला सरकारी बँका तारणाशिवाय कर्ज देतात. बँकेत आधी जाऊन यावे, कोटेशन नंतर मागावे.

पहिले काम वीजबिल नीट वाचण्याचे. महावितरणचा 12 आकडी ग्राहक क्रमांक, बिलिंग युनिट (बिलावरचा स्थानिक कार्यालयाचा क्रमांक) आणि मंजूर भार टिपून ठेवा. मग नाव पाहा. बऱ्याच घरांत बिल अजूनही वारलेल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असते आणि अर्ज नेमका इथेच अडकतो. बिलावरचे, आधारवरचे आणि बँक पासबुकातले नाव एकच हवे. 'दत्तात्रय' आणि 'दत्तात्रेय' एवढ्या फरकानेही पैसे अडू शकतात. वारसांची नाहरकत पत्रे, मृत्यूचा दाखला, घराचा उतारा किंवा इंडेक्स-2 (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा) गोळा करून नावबदल आधी उरकावा. त्यात वेळ जातो, म्हणून सुरुवात इथूनच करावी. थकबाकी असेल तर तीही भरून टाका.

आता संच केवढा घ्यायचा? एका महिन्याच्या बिलावरून ठरवू नका, बारा महिन्यांचे युनिट जोडून सरासरी काढा. 1 किलोवॉटमागे आपल्याकडे दिवसाला सरासरी 4 युनिट, म्हणजे महिन्याला 120 च्या आसपास धरायला हरकत नाही. पावसाळ्यात हा आकडा बराच खाली येतो. त्याआधी घरातला वापर कमी करता येतो का, तेही पाहावे. जुना पंखा 75 वॉट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा 30 च्या आसपास. चार पंखे रोज बारा तास चालत असतील तर महिन्याला सुमारे 65 युनिट वाचतात, म्हणजे अर्ध्या किलोवॉटचे पॅनल कमी लागते. गरजेपेक्षा मोठा संच घेण्यात हशील नाही: दिवसा ग्रिडला दिलेले युनिट रात्रीच्या वापरातून वजा होतात, पण 31 मार्चला शिल्लक राहिलेल्या युनिटना फार कमी दर मिळतो.

अनुदानाचा हिशोब असा: पहिल्या 2 किलोवॉटला किलोवॉटमागे 30,000 रुपये, तिसऱ्याला 18,000, आणि कमाल 78,000. 3 किलोवॉटच्या वर कितीही बसवा, अनुदान तेवढेच. हिशोबात पॅनलची एकूण क्षमता आणि इन्व्हर्टरची (पॅनलची वीज घरच्या वापराजोगी करणाऱ्या यंत्राची) क्षमता यांतली जी कमी असेल ती धरतात. 540 वॉटची पाच पॅनल म्हणजे 2.7 किलोवॉट, त्यावर इन्व्हर्टर 3 चा असला तरी 78,000 मिळणार नाहीत. सहा पॅनल घेतली तर 3.24 होतात आणि 3 च्या इन्व्हर्टरवर पूर्ण रक्कम बसते. दारिद्र्यरेषेखालील, तसेच महिना 100 युनिटच्या आत वापर असलेल्या घरांसाठी राज्याचे जादा अनुदान आहे, त्याची चौकशी महावितरणच्या कार्यालयात करावी.

छतावर 1 किलोवॉटला साधारण 100 चौरस फूट जागा लागते, तीही सावली नसलेली. सावली डिसेंबरात तपासावी, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेला सर्वांत खाली असतो. पुण्यात त्या दिवसांत भर दुपारीही 2 मीटर उंच टाकीची सावली जवळपास तेवढीच लांब पडते. सकाळी नऊला तर कितीतरी जास्त. पॅनल एकामागोमाग जोडलेली असतात, त्यामुळे एकावर सावली आली की पूर्ण ओळीचे उत्पादन घसरू शकते. टाकी पॅनलच्या उत्तरेला सरकवणे हा सगळ्यात स्वस्त उपाय. छताचे वॉटरप्रूफिंग बाकी असेल तर ते आधीच करून घ्या. सांगाडा उभा राहिल्यावर खालची गळती काढणे जिकिरीचे होते. छत सोसायटीचे असेल तर लेखी नाहरकत घ्या. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामायिक वापरासाठी सोसायटीलाही किलोवॉटमागे 18,000 रुपये मिळतात. त्यासाठी सर्वसाधारण सभेचा ठराव तयार ठेवावा.

नोंदणी योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर करायची आणि विक्रेताही तिथल्या यादीतलाच निवडायचा. आधी काम, मग अर्ज असे करू नका. कोटेशनमध्ये पॅनलची कंपनी, वॉट, संख्या, इन्व्हर्टरचे मॉडेल, गॅल्व्हनाइज्ड सांगाड्याची उंची आणि तीन स्वतंत्र अर्थिंग लिहून घ्या: एक डीसी (पॅनलच्या) बाजूला, एक एसी (घरच्या विजेच्या) बाजूला, एक आकाशातल्या विजेपासून वाचवणाऱ्या वीजरोधकाला. पॅनल डीसीआर, म्हणजे सेलही भारतात बनलेले, हवे; बिगरडीसीआर माल स्वस्त पडतो, पण अनुदान हातचे जाते. प्रत्येक पॅनलचा अनुक्रमांक डीसीआर प्रमाणपत्राशी स्वतः ताडून फोटो काढा. करारात पाच वर्षांची देखभाल आलीच पाहिजे. आणि विक्रेत्याला एक प्रश्न नक्की विचारा: वीज गेल्यावर काय? साधा ग्रिडला जोडलेला संच तेव्हा बंद पडतो, कारण लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला उलट्या प्रवाहाचा धक्का बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. लोडशेडिंगमध्ये दिवे हवे असतील तर बॅटरीचा हायब्रिड संच घ्यावा लागतो आणि बॅटरीसाठी वेगळे अनुदान नाही.

नेट मीटर बसून संच सुरू झाल्याचा अहवाल पोर्टलवर आला की बँक तपशील आणि रद्द केलेला धनादेश चढवा. रक्कम थेट तुमच्या खात्यात येते. ती परस्पर विक्रेत्याला देण्याच्या कागदावर सही करू नका. पहिले बिल आले की घेतलेले आणि दिलेले युनिट दोन्ही छापले आहेत का ते पाहा. दिलेले शून्य दिसत असेल तर मीटरचा आणि इन्व्हर्टरच्या पडद्यावरचा आकडा यांचा एकाच दिवशीचा फोटो काढून त्याच आठवड्यात तक्रार नोंदवा.