नामिबियात स्वतः गाडी चालवणार आहात? या चुका टाळा

नामिबिया महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा, आणि वस्ती जेमतेम तीस लाख. वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने, रस्त्यावर वर्दळ नाही. त्यामुळे पहिल्याच दिवशी वाटतं, यात अवघड ते काय? पण तिथे पर्यटकांच्या गाड्यांना होणारे वाईट अपघात बरेचदा रिकाम्या रस्त्यावरच होतात. समोरून कोणी येऊन धडकत नाही, गाडी आपली आपणच उलटते.

खडीवर डांबरी रस्त्याचा वेग

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कायद्याने खडीच्या रस्त्यावर ताशी 100 किलोमीटर चालतात, पण गाडी भाड्याने देणारे अनेकजण करारातच 80 ची अट घालतात. माझं मत विचाराल तर 70 च्या पुढे काटा जाऊच देऊ नका. वरची खडी सुटी असते, खालचा थर टणक. वळणात ब्रेक दाबला की मागची चाकं सरकतात, माणूस घाबरून स्टिअरिंग झटक्यात उलटं फिरवतो आणि गाडी आडवी होते. म्हणून ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच मारा. चाकं घसरलीच तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढा आणि स्टिअरिंग अगदी हलक्या हाताने सावरा. धुळीच्या लोटात ओव्हरटेक करू नका. हेडलाइट दिवसाही चालू ठेवा.

गाडी ताब्यात घेतानाच खडीवर आणि वाळूत टायरमध्ये किती हवा ठेवायची, ते विचारून लिहून घ्या. स्टेपनी, जॅक, पाना बाहेर काढून बघा. शक्य असेल तर दोन स्टेपन्या मागा. विम्यात टायर, काच आणि दुसरी गाडी नसताना झालेला अपघात धरला आहे का, हे सही करण्याआधी वाचा. बऱ्याच स्वस्त विम्यांत यातलं काहीच नसतं.

सोसुसव्लेईचे शेवटचे पाच किलोमीटर

सोसुसव्लेई म्हणजे नामिब वाळवंटातल्या उंच वाळूच्या टेकड्यांमधला सपाट भाग. तिथे जाताना सेसरिमच्या फाटकापासून सुमारे 60 किलोमीटर डांबरी रस्ता आहे, पुढे मऊ वाळू. साधी गाडी असेल तर ती वाहनतळावर लावून शटलने जा. फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी) असली तरी वाळूत शिरण्याआधी हवा कमी करा आणि मध्येच थांबू नका. गाडी रुतली तर ॲक्सिलरेटर दाबत राहू नका. चाक खड्डा करत जातं, गाडीचं पोट वाळूवर टेकतं आणि मग ती जागची हलत नाही. खाली उतरा, चाकांच्या पुढची-मागची वाळू उपसा, हवा आणखी थोडी सोडा आणि आलेल्या चाकोरीतूनच रिव्हर्स घ्या. डांबरी रस्त्यावर परतल्यावर हवा भरायला विसरू नका.

तासांऐवजी किलोमीटरचा हिशेब

सेसरिम ते समुद्रकाठचं स्वाकोपमुंड साधारण 350 किलोमीटर, पण कुइसेबची खिंड, खडी आणि फोटोसाठी थांबणं धरलं तर सहा तास सहज जातात. जूनमध्ये सूर्य सव्वासहाच्या सुमारासच मावळतो. अंधार पडला की कुडू हरणं रस्त्यावर येतात. यातला मोठा नर दोनशे किलोंच्या वर भरतो आणि दिव्यांना बिचकून उडी मारतो, थेट काचेवर. अंधाराच्या आत मुक्काम गाठता येईल एवढाच टप्पा ठरवा. एटोशा राष्ट्रीय उद्यानात तर मुक्कामाच्या तळांची फाटकं सूर्यास्ताला बंद होतात.

पेट्रोलपंप दिसला की टाकी फुल करा, अर्धी भरलेली असली तरी. उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना पशुरोगांसाठी घातलेल्या कुंपणाच्या नाक्यावर कच्चं मांस काढून घेतात, ते आधीच संपवा.

जानेवारी ते मार्च पावसाचे महिने. एरवी कोरड्या असणाऱ्या नद्या वर कुठेतरी पाऊस पडला की रस्त्यावरून वाहू लागतात. पाण्याला ओढ असेल तर गाडी घालू नका, काठावर थांबा. पूर बरेचदा काही तासांत ओसरतो. तेवढा वेळ निभावेल इतकं पिण्याचं पाणी आणि खाणं गाडीत कायम असू द्या.