तो मुळा, ती 'कारोत': फ्रेंच भाज्या शिकताना

फ्रेंच शिकायला लागल्यावर दुसऱ्याच महिन्यात मी भाज्यांची चाळीस नावं पाठ केली होती. वहीत डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे फ्रेंच. हातानं एक बाजू झाकायची आणि म्हणत सुटायचं. चाळीसच्या चाळीस यायची. मग एके दिवशी वर्गात छोटा संवाद करायला सांगितला: तुम्ही बाजारात आहात, सूपसाठी भाजी घ्या. मी पहिल्याच वाक्याला थांबले. गाजर म्हणजे 'कारोत' हे माहीत होतं. पण किलोभर गाजरं मागायची कशी, गाजरं नकोत हे कसं सांगायचं, नावाआधी 'अं' (पुल्लिंगी 'एक') लावायचं की 'यून' (स्त्रीलिंगी 'एक'), यातलं काहीच माझ्या चाळीस ओळींत नव्हतं. त्या संध्याकाळी मी सगळ्या भाज्या पुन्हा पहिल्यापासून शिकायला घेतल्या. दुसऱ्या खेपेला जे उमगलं ते नव्यानं फ्रेंच शिकणाऱ्यांसाठी इथे लिहिते आहे.

सगळ्यात आधी लिंग. आपल्याला ही कल्पना नवी नाही. तो कांदा, ती काकडी, ते गाजर असं आपण विचार न करता म्हणतो. 'पांढरा कांदा', 'हिरवी मिरची', 'ताजं गाजर' यांत विशेषण आपोआप बदलतं. निर्जीव वस्तूला लिंग असतं आणि विशेषण त्याच्या मागे जातं, हे ज्यांच्या भाषेत नाही त्यांना फ्रेंच शिकताना फार झगडावं लागतं. आपली ती पायरी चढून झालेली असते. धोका वेगळाच असतो. आपण मराठीतलं लिंग नकळत तिकडे घेऊन जातो. मी कित्येक दिवस 'अं तोमात' म्हणत होते, कारण माझ्यासाठी टोमॅटो 'तो' होता. फ्रेंचमध्ये ती 'यून तोमात'. बटाटाही तिकडे स्त्रीलिंगी: 'यून पोम द तेर'. उलट आपली काकडी आणि मिरची तिकडे पुल्लिंगी होतात: 'अं कोंकोंब्र', 'अं पिमां'. नपुंसकलिंग फ्रेंचमध्ये नाहीच, त्यामुळे आपली 'ते'वाली भाजी कुठल्या तरी एका बाजूला जाते, आणि गाजर नि वांगं दोन्ही स्त्रीलिंगात गेली आहेत: 'यून कारोत', 'यून ओबेर्झिन'. मुळा मात्र दोन्हीकडे 'तो' राहतो: 'अं रादी'. जिथे मराठी आणि फ्रेंच लिंग जुळत नाही अशा भाज्यांची मी वेगळी यादी केली आणि फक्त तीच घोकली. जुळणाऱ्या भाज्यांवर वेळ घालवण्यात अर्थ नव्हता.

शब्दाच्या शेवटावरून बराच अंदाज येतो. 'एत' किंवा 'इन' असा शेवट बहुधा स्त्रीलिंगी: कुर्झेत (झुकिनी), रोकेत (सॅलडमधली रॉकेटची पानं), ओबेर्झिन. शेवटी 'ओं' किंवा 'ओ' ऐकू आलं की बहुधा पुल्लिंगी: प्वाव्रों (ढोबळी मिरची), शाँपिन्यों (अळंबी), प्वारो (लीक, कांद्याच्या कुळातली लांब दांड्याची भाजी), आर्तिशो (आर्टिचोक, एकावर एक पानं असलेली कळीसारखी भाजी), आरिको (घेवडा-फरसबी). हा नियम नाही, पण अडल्या वेळी उपयोगी पडतो.

आता एवढा अट्टहास 'अं' आणि 'यून'साठी कशाला, असं वाटेल. मलाही वाटायचं. पण कान देऊन ऐका. फ्रेंचमध्ये 'एक गाजर' आणि 'अनेक गाजरं' यांतलं 'कारोत' हुबेहूब एकच ऐकू येतं. अनेकवचनाचा 'एस' लिहिला जातो, उच्चारला जात नाही. एक आहे की अनेक, हे सांगणारा शब्द म्हणजे पुढचा छोटा 'ला' (एकवचनी) किंवा 'ले' (अनेकवचनी). वचन तोच सांगतो, आणि एकवचनात लिंगही तोच सांगतो. त्याला वगळून भाजीचं नाव पाठ करणं म्हणजे सगळी माहिती टाकून नुसतं टरफल उचलणं.

इथे एक खाच आहे, ती मला कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. स्वरानं सुरू होणाऱ्या शब्दांपुढे 'ल' (पुल्लिंगी) आणि 'ला' (स्त्रीलिंगी) दोन्ही आखडून नुसता 'ल्' उरतो. 'लोन्यों' म्हणजे कांदा, 'लोबेर्झिन' म्हणजे वांगं. लिंग दिसतच नाही. म्हणून असे शब्द 'अं' किंवा 'यून' लावून शिकावेत. त्यातही पालक म्हणजे 'एपिनार' हा शब्द जवळजवळ नेहमी अनेकवचनात येतो, आणि लसूण म्हणजे 'आय' हा मोजून मागायचा पदार्थ नाही. तिथे 'अं'सुद्धा कामाला येत नाही. यावर मी काढलेला उपाय म्हणजे विशेषण जोडून पाठ करणं. पण विशेषण असं हवं की जे स्त्रीलिंगात ऐकायलाही वेगळं वाटेल. 'फ्रे' (ताजा) आणि 'फ्रेश' (ताजी), 'ब्लाँ' आणि 'ब्लाँश' (पांढरा, पांढरी), 'वेर' आणि 'वेर्त' (हिरवा, हिरवी). 'एपिनार फ्रे' म्हटलं की पालक पुल्लिंगी हे कायमचं बसतं. 'आस्पेर्झ वेर्त' म्हटलं की शतावरी स्त्रीलिंगी. 'रूझ' म्हणजे लाल हे विशेषण यासाठी निरुपयोगी, कारण ते दोन्ही लिंगांत सारखंच राहतं.

उच्चारांचं थोडक्यात सांगते. 'ओआय' ही अक्षरजोडी 'वा' होते, म्हणून प्वारो, प्वाव्रों, 'प्ती प्वा' (मटार). 'सीएच' म्हणजे आपला 'श'. 'जीएन' म्हणजे 'न्य'. कुर्झेत, ओबेर्झिन यांतला 'झ' आपल्याकडे नाही. 'श' म्हणता म्हणता गळ्यात कंप आणा, तो आपोआप येतो. 'शाँ', 'कों' असे नाकातले स्वर 'न्' किंवा 'म्' म्हणून बंद करू नका, हवा नाकातून जाऊ द्या आणि ओठ-जीभ मोकळे ठेवा. कांद्याच्या स्पेलिंगमध्ये 'ओआय' दिसतं, तरी उच्चार 'वान्यों' नाही, 'ओन्यों' आहे. 1990 च्या शुद्धलेखन सुधारणेत त्यातला 'आय' काढून लिहायला परवानगी मिळाली, पण पाट्यांवर आणि पुस्तकांत जुनं रूपच जास्त भेटतं, तेव्हा तेच शिका.

मी इथे सगळं देवनागरीत लिहिते आहे, पण तुमच्या वहीत देवनागरी पहिल्या आठवड्यापुरतीच ठेवा. ती मूक अक्षरं झाकते. 'रादी'च्या शेवटी 'एस' आहे, 'नावे' म्हणजे सलगम याच्या शेवटी 'टी' आहे, हे डोळ्याला दिसत राहिलं नाही तर लिहायच्या वेळी पंचाईत होते.

शब्द एकमेकांना चिकटतात तेव्हा खरी परीक्षा. 'ले' आणि 'ओन्यों' मिळून 'लेजोन्यों' होतं, त्यातला 'ज' आपल्या 'जरा'तला. 'अं' आणि 'आर्तिशो' मिळून 'अंनार्तिशो'. सुरुवातीला मला वाटायचं की 'नार्तिशो' नावाची वेगळीच भाजी आहे. याला अपवाद घेवडा-फरसबीचा: 'ले आरिको'. या शब्दाच्या सुरुवातीचा 'एच' उच्चारायचा नसतो, तरीही तो मागच्या शब्दाला चिकटू देत नाही. 'लेजारिको' म्हटलं की चूक धरली जाते. याच्या बरोबर उलट 'एर्ब' म्हणजे कोवळी सुगंधी पानं. तिथेही 'एच' आहे, पण तो अडवत नाही, म्हणून 'फीन जेर्ब'. कुठला 'एच' अडवतो हे कोशात खूण पाहूनच कळतं. भाज्यांपुरतं म्हणाल तर 'आरिको' लक्षात ठेवला की भागतं.

आता मोजमाप, जिथे मी वर्गात अडकले होते. फ्रेंचमध्ये अनिश्चित प्रमाण सांगायला वेगळे शब्द लागतात: 'द्यू शू' (थोडा कोबी), 'द ला सालाद', 'द लाय' (थोडा लसूण), 'दे कारोत'. मराठीत आपण 'कोबी घेतला' म्हणून मोकळे होतो, त्यामुळे हे विसरायला होतं. पण एकदा प्रमाण ठरलं की सगळे एकाच 'द' वर येतात: 'अं किलो द कारोत', 'यून बोत द रादी' म्हणजे मुळ्यांची जुडी, 'यून तेत दाय' म्हणजे लसणाचा गड्डा, 'यून गूस दाय' म्हणजे पाकळी, 'अं बुके द पेर्सी' म्हणजे पार्सलीची जुडी. नकारातही तोच 'द': 'पा द कारोत'. जुडी, गड्डा, पाकळी हे भेद आपल्या भाषेत आधीपासून आहेत, म्हणून हे शब्द मला भाज्यांच्या नावांपेक्षा पटकन बसले. माझा आग्रह आहे की कुठलीही भाजी नुसती लिहू नका, तिच्या मापासकट लिहा.

शिकण्याचा क्रम वर्णानुक्रमानं ठेवू नका. मी दुसऱ्या खेपेला पदार्थ धरून शिकले. 'राताटुई' या प्रोव्हांसच्या पदार्थात ओबेर्झिन, कुर्झेत, प्वाव्रों, तोमात, ओन्यों आणि आय येतात: उन्हाळ्यातल्या सहा गोष्टी एका भांड्यात. 'पोतोफ' या थंडीतल्या पदार्थात कारोत, नावे, प्वारो, पोम द तेर. दोन पदार्थांत दहा शब्द झाले आणि कोणती भाजी कुठल्या ऋतूतली हेही कळलं. पाककृती वाचताना 'सोला', 'चिरा', 'घाला' ही क्रियापदंही फुकट मिळतात. लीक किंवा आर्टिचोक यांना मराठीत रुळलेलं नावच नाही, त्यांच्यासाठी भाषांतर शोधत बसू नका. चित्र पाहा आणि थेट फ्रेंच शब्द जोडा. मला असे शब्द सगळ्यात कमी विसरायला झाले, कारण मध्ये मराठी शब्द उभाच नव्हता.

काही शब्द मात्र आपल्या घरचे निघतात, आणि ही गोष्ट मला अजून आनंद देते. आपला 'बटाटा' पोर्तुगीजांकडून आला. फ्रेंचमध्ये बोलीत बटाट्याला 'पातात' म्हणतात आणि रताळं म्हणजे 'पातात दूस', गोड पातात. शब्द तोच. 'कोबी' पोर्तुगीज 'कोव्ह'वरून आला, तो लॅटिन 'कौलिस'वरून, आणि फ्रेंच 'शू'ही त्याच 'कौलिस'चा वंशज. एकदा 'शू' हाती आला की त्याचं कुटुंबच येतं: 'शू-फ्लर' म्हणजे फुलाचा कोबी, अर्थात फ्लॉवर, आणि 'शू-राव्ह' म्हणजे नवलकोल. 'ओबेर्झिन' कातालान, अरबी, फारसी असं मागे मागे जात भारतातल्या 'वातिंगण'पर्यंत पोचतो. 'वातिंगण' पुन्हा पुन्हा म्हणून पाहा, वांगं ऐकू येतं.

गोंधळाची एक जागा सांगायलाच हवी. 'प्वाव्र' म्हणजे मिरी, 'प्वाव्रों' म्हणजे ढोबळी मिरची, 'पिमां' म्हणजे तिखट मिरची. आपण ढोबळीला मिरचीच्या घरात ठेवतो. फ्रेंचनं तिला मिरीच्या नावावरून नाव दिलं आहे. तसंच 'सालाद' म्हणजे कालवलेलं सॅलडही आणि लेट्यूसचा अख्खा गड्डाही.

म्हणी लवकर शिका, त्या शोभेसाठी नाहीत. 'ले कारोत सों क्वीत', गाजरं शिजली, म्हणजे आता काही उपाय उरला नाही. यातल्या 'क्वीत'चा शेवटचा 'त' ऐकू येतो तो केवळ गाजर स्त्रीलिंगी आहे म्हणून. पुल्लिंगी असतं तर 'क्वी' झालं असतं. ही म्हण पाठ झाल्यापासून माझं कारोतचं लिंग कधी चुकलं नाही. 'मेत्र द्यू बर दां लेजेपिनार', पालकात लोणी घालणं, म्हणजे चार पैसे जास्त मिळून संसार जरा सुखाचा होणं. यात 'द्यू'ही आहे आणि चिकटणारा 'ज'ही. 'प्वारोते' म्हणजे लीकसारखं ताटकळत उभं राहणं, 'अं नावे' म्हणजे टाकाऊ सिनेमा, 'राकोंते दे सालाद' म्हणजे थापा मारणं. 'कर दार्तिशो' म्हणजे आर्टिचोकचं काळीज असलेला, कुणाच्याही पटकन प्रेमात पडणारा. प्रत्येकासाठी एकेक पान काढून देणारा.

डेल्फ ए1 ची, म्हणजे फ्रेंचच्या सगळ्यात पहिल्या पातळीच्या प्रमाणपत्राची, परीक्षा देणार असाल तर या सगळ्याचा थेट उपयोग आहे. तोंडी परीक्षा पाच ते सात मिनिटांची, त्याआधी तयारीला दहा मिनिटं, आणि तिच्या शेवटच्या भागात काहीतरी विकत घेण्याचा किंवा मागवण्याचा संवाद करावा लागतो. तिथे चाळीस भाज्यांची नावं कुणी विचारत नाही. पाचच भाज्या, पण मापासकट, नकारासकट आणि 'झ वुद्रे' (मला हवं होतं) या नम्र सुरुवातीसकट आल्या की पुरतात. 'झ व' (मला हवं) असं थेट म्हणू नका, ते उर्मट वाटतं.

दीड वर्षानं मी फ्रान्समधल्या ल्यों शहरात, क्र्वा-रूस भागातल्या बाजारात उभी होते. पाट्या आधी वाचून घेतल्या: 'ल किलो', 'ला बोत', 'ला प्येस' म्हणजे नगावर, मूळ देशही लिहिलेला. माझी पाळी आली तेव्हा आधी 'बोंझूर' म्हटलं, कारण ते न म्हणता मागायला सुरुवात करायची नसते. मग किलोभर गाजरं, मुळ्यांची एक जुडी, तीन लीक. विक्रेत्या बाईंनी पिशवी पुढे करत विचारलं, 'आवेक सेसी?' शब्दशः 'यासोबत?', म्हणजे आणखी काय देऊ? हा प्रश्न कुठल्याच यादीत नसतो आणि प्रत्येक गाळ्यावर विचारला जातो. उत्तर आधीच तयार ठेवा: 'स सरा तू, मेर्सी.' एवढंच, धन्यवाद.