डेस्कटॉपला जादा यूएसबी पोर्ट: आधी मदरबोर्ड पाहा, मग कार्ड घ्या

पोर्ट कमी पडले की हब घ्यायच्या आधी कॅबिनेटचे झाकण उघडून मदरबोर्ड पाहा. बऱ्याच बोर्डांवर एखादा यूएसबी हेडर (केबल जोडायचा उभ्या पिनांचा संच) रिकामाच असतो. यूएसबी 2.0 चा हेडर 9 पिनांचा, 3.0 चा 19 पिनांचा, आणि प्रत्येकातून दोन पोर्ट निघतात. मागे स्क्रूने बसणारे पोर्टचे ब्रॅकेट त्याला जोडले की झाले, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. हेडरजवळ छापलेले नाव मात्र नीट वाचा. जुन्या बोर्डांवर फायरवायर या वेगळ्या प्रकारच्या जोडणीचा हेडर हुबेहूब असाच दिसतो आणि त्यात 12 व्होल्ट असू शकतात. तिथे यूएसबी लावले तर पोर्टला जोडलेले उपकरण जळू शकते. 3.0 च्या पिना नाजूक असतात, म्हणून खाच जुळवून कनेक्टर सरळ दाबा.

हेडर नसेल तर मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये बसणारे पीसीआय एक्सप्रेस यूएसबी कार्ड घ्या. एक्स-1 म्हणजे सर्वांत आखूड, एकाच लेनचे (डेटाच्या एकाच मार्गाचे) कार्ड; ते लांब स्लॉटमध्येही चालते. संगणक बंद करून विजेची वायर काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या धातूला हात लावा. स्लॉटसमोरची पट्टी काढून कार्ड दोन्ही टोकांनी सारखे दाबा आणि स्क्रू आवळा.

खरी गडबड विजेची होते. 3.0 चा एक पोर्ट 900 मिलिअँपिअर देतो. चार पोर्टांचे 5 व्होल्टवर 18 वॉट झाले. कार्डावर विजेसाठी साटा किंवा मोलेक्स कनेक्टर असेल तर तो एसएमपीएसमधून (संगणकाच्या पॉवर सप्लायमधून) जोडाच. न जोडल्यास माउस चालेल, पण एक्सटर्नल हार्ड डिस्कचे कनेक्शन मध्येच तुटेल किंवा ती दिसणारच नाही.

विंडोज 8 पासून 3.0 चा ड्रायव्हर आतच असतो. विंडोज 7 साठी कार्डासोबतचा टाकावा लागतो. कार्ड दिसतच नसेल तर काढून पुन्हा बसवा, मग बोर्डाचे मॅन्युअल उघडा: काही बोर्डांत एम.2 एसएसडी (थेट बोर्डावर बसणारी छोटी ड्राइव्ह) लावली की एखादा स्लॉट बंद पडतो.

वेगाचे गणितही आधीच समजून घ्या. पीसीआय एक्सप्रेस 2.0 ची एक लेन सेकंदाला जास्तीत जास्त 500 एमबी वाहते, आणि तेवढेच कार्डावरच्या सगळ्या पोर्टांत वाटले जाते. दोन वेगवान ड्राइव्हवर एकाच वेळी कॉपी करायची असेल तर एक ड्राइव्ह मदरबोर्डच्या पोर्टला लावा.

वायरलेस माउसचा रिसीव्हर 3.0 पोर्टाशेजारी अडखळत असेल तर तो छोट्या एक्स्टेंशन केबलने दूर न्या; 3.0 च्या डेटाचा गोंगाट 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात शिरतो.