टाइम-आउटमध्ये आधी विचारा, मग सांगा

मी व्हॉलीबॉलचा कोच. नव्या कोचना माझं पहिलं सांगणं असतं, की नम्रपणा म्हणजे गोड बोलणं नव्हे. गोड बोलून मनमानी करणारे या धंद्यात ढीगभर आहेत. नम्रपणा कामाच्या पद्धतीत दिसला पाहिजे.

सुरुवात टाइम-आउटपासून करा. सेटमध्ये दोनदाच मिळतो, तोही ३० सेकंदांचा. आल्या आल्या तोंड उघडू नका, मुलींना पाणी पिऊ द्या. मग सेटरला, म्हणजे फटक्यासाठी बॉल उचलून देणाऱ्या खेळाडूला, विचारा, ‘त्यांचा ब्लॉक (नेटवर फटका अडवणारे हात) कुठे उशिरा पोचतोय?’ नेटजवळून तिला जे दिसतं ते बाकावरून दिसत नाही. ती म्हणाली, ‘सर, मधली ब्लॉकर आपल्या क्विकलाच (मधल्या झटपट फटक्यालाच) उडतेय,’ तर ‘बरं, मग बॉल चार नंबरला (नेटच्या डाव्या टोकाला) दे,’ एवढंच बोला. दहा सूचना दिल्यात तर कोर्टवर एकही पोचत नाही. आणि विचारायचं तर खरं विचारा. उत्तर आधीच ठरवून टाकलेला प्रश्न खेळाडू लगेच ओळखतात.

सहायकाची कल्पना चालली तर त्याचं नाव घ्या, तेही चारचौघांत. बास्केटबॉलचं उदाहरण घ्या. २०१५च्या एनबीए या अमेरिकन लीगच्या फायनलमध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्स हा संघ मालिकेत १-२ने मागे होता. निक यूरेन हा संघातला तरुण सहायक. उंचापुऱ्या अँड्र्यू बोगटऐवजी आंद्रे इग्वोडालाला सुरुवातीपासून खेळवा, असं त्यानं सुचवलं. मुख्य कोच स्टीव्ह करनं ते ऐकलं. संघ ४-२ने जिंकला, इग्वोडाला फायनलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि डोकं कुणाचं होतं हे करनं उघड सांगितलं. (सामन्याआधी मात्र लायनअप बदलणार नाही म्हणून त्यानं पत्रकारांना बिनदिक्कत थाप मारली होती. नम्र माणूस भोळाच असतो असं थोडंच आहे?)

दुखापतीचा निर्णय फिजिओचा. तिथे आपण मध्ये पडायचं नाही, फायनल असली तरी.

एक गैरसमज मात्र काढून टाका. सगळ्यांचं ऐकायचं म्हणजे मतदान घ्यायचं नाही. संघ तुम्हीच निवडायचा. जिला बाकावर बसवणार आहात तिला यादी लागायच्या आधी बाजूला घ्या आणि नेमकं कारण सांगा: ‘सर्व्हिस रिसीव्ह करताना तुझे पाय उशिरा हलतायत.’ ‘संघाच्या हितासाठी’ वगैरे नको. ती वाद घालेल, घालू द्या. तिचा मुद्दा पटला तर यादी बदला, नाही पटला तर तसं तिच्या तोंडावर सांगा. ती दोन दिवस तुमच्याशी धड बोलणार नाही. तेवढं कोचनं सोसायचं असतं.